छंद, नाद आणि व्यासंग : औंधच्या सूर्यनमस्कारांच्या इतिहासाचा एक विचार

१

२०२४ साली पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्केटबोर्डच्या स्पर्धांमध्ये दोन खेळाडूंची वये विशेष चर्चेचा विषय झाली. चीनची एक स्पर्धक अवघी ११ वर्षांची होती, तर ब्रिटनचे अँडी मॅकडोनल्ड हे ५१ वर्षांचे होते. चाके लावलेल्या फळीवर उभे राहून तोल सांभाळण्याचा हा खेळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रस्त्यावर रूढ केला आणि टोकियोच्या सामन्यांत, म्हणजे २०२१ साली, त्यास ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले. वरील दोन खेळाडूंविषयी वाटणारे आश्चर्य मात्र एकाच जातीचे नव्हे. मुलीच्या बाबतीत 'इतक्या लवकर?' असा प्रश्न मनात येतो. प्रौढाच्या बाबतीत 'अजूनही?' असा येतो. पहिल्या प्रश्नात कौतुक असते, दुसऱ्यात कौतुकाबरोबर थोडा संशयही असतो. खेळ हा वयाबरोबर सुटावयाचा असतो, आणि जो सुटत नाही त्यास काही तरी समर्थन लागते, अशी समाजाची धारणा या दुसऱ्या प्रश्नामागे उभी असते.

असे समर्थन मराठी समाजात कोणत्या मार्गाने सिद्ध होते, हे पाहण्यास सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या अलीकडील इतिहासात एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. ते म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी चाळिशीच्या सुमारास स्वीकारलेला आणि पुढे आयुष्यभर चालविलेला सूर्यनमस्कारांचा परिपाठ. औंध हे गाव सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानचा आटपाडी हा भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतो. आणि या परिपाठाची प्रेरणा मिरजेहून आली. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांचा त्यावर सारखाच हक्क पोहोचतो.

२

या उदाहरणाकडे वळण्यापूर्वी मराठीने अशा आवडींना दिलेल्या नावांचा थोडा विचार करणे अवश्य आहे. कारण एखाद्या आवडीचे समाजातील स्थान पुष्कळ अंशी तिच्या नावावरून निश्चित होत असते.

'छंद' हा शब्द संस्कृतातील इच्छा वा अभिलाष या अर्थाच्या शब्दाशी निगडित आहे. मराठीत तो मध्यम प्रतीचा, म्हणजे फारशी निंदाही नाही आणि फारसा गौरवही नाही, असा झाला आहे. 'नाद' म्हणजे मुळात ध्वनी. पण मराठी माणूस कशाच्या तरी 'नादी लागतो' तेव्हा तो बहुधा वाया गेलेला असतो. याच शब्दाचा सातारा, सांगली व कोल्हापूर या टापूत 'नाद खुळा' असा उद्गार बनला असून त्यात निंदेची जागा उघड कौतुकाने घेतली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. 'शौक' आणि 'हौस' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, फार्सीच्या द्वारे आलेले. त्यांपैकी 'हौस' हा ज्या 'हवस' शब्दापासून आला, तो हिंदीत लालसेचा वाचक राहिला आहे. मराठीत मात्र तो इतका सोज्ज्वळ झाला की मोबदल्याची अपेक्षा न धरता नाटक करणाऱ्यांच्या रंगभूमीस 'हौशी' असे नाव मिळाले. 'व्यसन' शब्दाने संस्कृतातील संकट आणि दुर्गुण हे दोन अर्थ वागविले. मनुस्मृतीत राजाने टाळावयाच्या व्यसनांत मृगया आणि द्यूत यांची गणना आहे. 'व्यासंग' या शब्दाचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला. संस्कृतात त्याच्या अर्थात अतिरिक्त आसक्तीची आणि चित्त विचलित होण्याची छटा होती; मराठीत तो विद्येच्या निष्ठेचा वाचक झाला. कुस्तीचा शौक, नाटकाची हौस, शर्यतीचा नाद आणि ग्रंथांचा व्यासंग ही शब्दांची विभागणी आवडीच्या तीव्रतेवरून झालेली नाही. आवड कोणाची आणि कशाची, यावरून ती झालेली आहे.

३

बाळासाहेब पंतांचे शिक्षण पुण्यास डेक्कन कॉलेजात झाले होते. त्यांचा व्यायामाचा आरंभ नमस्कारांनी झालेला नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या युरोपीय मल्लाची कीर्ती जगभर पसरली होती. १९०४–०५ मध्ये त्याने हिंदुस्थानचा दौराही केला. बाळासाहेबांनी त्याची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास मिरज थोरल्या पातीचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्कारांकडे वळले. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर व त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांना ज्यांचा आश्रय लाभला ते मिरजेचे अधिपती हेच. दोन संस्थानिकांच्या स्नेहातून एका व्यायामाचा प्रसार व्हावा, ही घटना त्या काळच्या दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी जीवनाशी सुसंगतच होती. तेथे गवई, चित्रकार, कीर्तनकार आणि मल्ल यांची ये-जा एका दरबाराहून दुसऱ्या दरबाराकडे नित्य चालत असे.

नमस्कारांचा प्रकार अर्थातच बाळासाहेबांनी निर्माण केलेला नव्हे. महाराष्ट्रात त्याची परंपरा समर्थ रामदासांपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, शिराळा अशा याच दोन जिल्ह्यांतील गावी असलेल्या समर्थस्थापित मारुतींमुळे त्या श्रद्धेस स्थानिक बळही लाभले आहे. तथापि परंपरा आणि लेखी पुरावा यांत भेद केला पाहिजे. आज प्रचलित असलेल्या, अवस्थांचा क्रम ठरलेल्या नमस्काराची शिस्त विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निश्चित झाली, आणि त्या निश्चितीत औंधचा वाटा मोठा आहे. १० अवस्थांचा एक नमस्कार, श्वासाचा नियम, आणि प्रत्येक नमस्कारापूर्वी ॐकार, बीजाक्षरे व सूर्याच्या नावाचा उच्चार अशी त्यांची पद्धती होती. ह्रां, ह्रीं, ह्रूं या बीजाक्षरांच्या उच्चाराने शरीरात कंप उत्पन्न होऊन आरोग्यास साहाय्य होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाची वैद्यकीय ग्राह्यता हा वेगळा प्रश्न आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या गोष्टीस की, सँडोच्या पद्धतीत जे नव्हते ते येथे मिळाले. डंबेल्सनी शरीर कमावणाऱ्या चाळिशीतील गृहस्थाचा तो 'नाद' ठरला असता. मंत्रासह सूर्यास वंदन करणाऱ्याची ती 'उपासना' ठरली. एकाच देहाचे श्रम नावाच्या बदलाने प्रौढास शोभेसे झाले.

४

या परिपाठाचे बाळासाहेबांच्या इतर आवडींमधील स्थान काय होते, हा प्रश्न येथे ओघानेच येतो; कारण आवडी त्यांना अनेक होत्या. ते स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्रमय रामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. ते कीर्तन करीत. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. १९१८ च्या जुलैमध्ये पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढे त्यांनी महाभारताच्या सचित्र व चिकित्सक आवृत्तीची कल्पना मांडली आणि त्यासाठी १ लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. ती आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मा व धुरंधर यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक हे शिल्पही आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ कारखान्यासाठी देण्यात त्यांची हीच गुणज्ञ वृत्ती दिसते. लक्ष्मणरावही आरंभी चित्रकलेचे विद्यार्थी होते. दृष्टीस काही रंगांचा भेद कळत नसल्यामुळे ती कला त्यांना सोडावी लागली, ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे बेळगावात त्यांच्या घराण्याने सायकलींचे दुकान चालविले. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी अशी दोन छंदिष्टांच्या भेटीतून उभी राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व आवडींत नमस्कारांचे वेगळेपण दोन प्रकारचे होते. चित्र पुरे होते, संग्रहालय उभे राहते, ग्रंथाची आवृत्ती समाप्त होते. नमस्कार मात्र कधीच पुरा होत नाही. आजचा झाला तरी उद्याचा शिल्लकच असतो. दुसरे असे की, चित्रसंग्रहास द्रव्य लागते, नमस्कारास अंगापुरती जागा पुरते. म्हणून इतर आवडी राजाच्या राहिल्या. ही एकच आवड अशी होती की ती प्रजेच्या हाती जशीच्या तशी देता येत होती. त्यांचे इतर छंद कोरीव शिल्पाप्रमाणे टिकले, नमस्कार मात्र भाषेप्रमाणे टिकला, म्हणजे रोज वापरणाऱ्यांच्या आधाराने.

५

तथापि याच सुलभतेतून एक अडचणही उद्भवली. १९०९ साली बाळासाहेब गादीवर आले. संस्थान लहान होते. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल आणि लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीतही ९० हजारांच्या आत. एवढ्या लहान राज्यात अधिपतीची आवड प्रजेपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागत नाही. सूर्यनमस्कार औंधच्या शाळांतून आवश्यक करण्यात आले. मुलामुलींच्या आरोग्याची तळमळ त्यामागे होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. राजघराण्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत आणि स्त्रियांच्या व्यायामाचा पुरस्कार करणे ही त्या काळी धिटाईची गोष्ट होती. परंतु छंद हा शब्दच मुळी इच्छेचा वाचक आहे. जेथे इच्छा संपते तेथे छंद संपतो आणि नियम सुरू होतो. ज्या क्रियेत एका व्यक्तीस नित्य नवा आनंद मिळत होता, तीच क्रिया घंटेच्या तालावर रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास त्याच आनंदाची वाटली असेल, असे गृहीत धरता येत नाही.

याच राज्यकर्त्याने १९३९ साली, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने आणि मॉरिस फ्रिडमन व चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने, आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना दिली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहतही त्याच काळातील होय. विश्वास टाकला म्हणजे माणूस आपण होऊन शिस्त पाळतो, हे तत्त्व कैद्यांच्या बाबतीत मान्य झाले. शाळकरी मुलांच्या नमस्कारांना ते लावले गेले नव्हते. बाळासाहेबांच्या कार्याचा विचार करताना ही विसंगती दृष्टीआड करणे योग्य नाही.

६

पुढील घटनांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. १९२८ साली बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये ते लंडनला असताना लुईझ मॉर्गन या पत्रकार स्त्रीने तेथील न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्राच्या वाचकांस त्यांची ओळख करून दिली. तिनेच संपादिलेली त्या पुस्तकाची आवृत्ती १९३८ साली लंडनमध्ये निघाली. त्या वर्षी बाळासाहेब ७० वर्षांचे होते. 'अजूनही?' या प्रश्नास त्यांनी आपल्या प्रकृतीनेच उत्तर दिले होते. त्याच दशकात म्हैसूर व बंगलोर येथेही नमस्कारांचा प्रचार झाला. त्या प्रवाहांचा औंधशी नेमका संबंध किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाज्ञेचा आधार संपला. १९४९ मध्ये निर्माण झालेला व आटपाडी ज्यात समाविष्ट झाली तो दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. संस्थानची सीमारेषा नकाशावरून पुसली गेली. नमस्कार मात्र राहिले. अप्पासाहेबांनी परराष्ट्र सेवेत देशोदेशी वावरत असताना वडिलांचा हा वारसा जपला आणि १९७० साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. आज्ञा संपल्यानंतरही जे टिकले, ते लोकांनी आपल्या इच्छेने उचललेले होते.

मात्र एका गोष्टीची नोंद केल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. बाळासाहेबांची आवड 'व्यासंग' ठरली, कारण तिच्यामागे अधिकार, संस्कृत मंत्र आणि छापलेले पुस्तक ही तिन्ही होती. याच मुलखातील शेतकऱ्याची बैलगाडी शर्यतीची आवड पिढ्यान्‌पिढ्यांची, पण ती 'नाद'च राहिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद पडल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात त्यांना अटींवर पुन्हा परवानगी मिळाली. जनावरांच्या यातनेचा प्रश्न तेथे खराच होता, आणि तो नमस्कारांच्या बाबतीत उद्भवत नाही, हा भेद मान्य केलाच पाहिजे. तरीही आयुष्यभर जपलेल्या आवडीचा इतिहास ज्याच्या हाती लेखणी असते त्याचाच लिहिला जातो, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले म्हणून तालमीतील एका शौकाची नोंद राहिली. असंख्य तालमींतील असंख्य वस्तादांची राहिली नाही.

चाकांच्या फळीवरील खेळास मराठीने अद्याप स्वतःचे नाव दिलेले नाही. सातारा-सांगलीचा एखादा तरुण ती फळी पन्नाशीपर्यंत सोडणार नाही, तेव्हा तिला नाद म्हणावे की व्यासंग, याचा निर्णय भाषेस करावा लागेल. औंधचा इतिहास त्यासाठी एक कसोटी देतो : आवडीस प्रतिष्ठा नावाने मिळते, प्रसार सत्तेने होतो, पण आयुष्य मात्र तिला ती रोज नव्याने आपखुशीने करणाऱ्याकडूनच लाभते.