सॉफ्टवेअर सिंथ ट्रॅकचे ऑडिओत रूपांतर

सॉफ्टवेअर सिंथ ट्रॅकचे ऑडिओत रूपांतर ही संगणकावरील संगीतनिर्मितीतील एक प्रक्रिया आहे. सॉफ्टवेअर सिंथेसायझर प्रत्येक वादनाच्या वेळी नव्याने आकडेमोड करून जो आवाज निर्माण करतो, तो या प्रक्रियेत ध्वनिफाइलच्या रूपात साठवला जातो. स्टुडिओच्या बोलीभाषेत यास ‘बाउन्स करणे’ म्हणतात. रूपांतर तात्पुरते असून पुन्हा मूळ स्थितीत आणता येत असेल, तर ‘फ्रीझ करणे’ असा शब्द वापरला जातो.

पार्श्वभूमी

चरणजितसिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संग्रह मुंबईत ध्वनिमुद्रित केला, तेव्हा रोलँड कंपनीच्या यंत्रांचा आवाज थेट मुद्रित होत होता. रूपांतराचा प्रश्न त्यामुळे उद्भवतच नव्हता. १९८३ मध्ये मिडी मानक आले आणि आवाजाऐवजी केवळ वादनाच्या सूचना साठवणे शक्य झाले. स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी तंत्रात १९९९ मध्ये वाद्यांचाही समावेश झाल्यावर सिंथेसायझर संगणकातच आला व निर्णय अखेरपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. या मुभेची किंमत मात्र प्रोसेसरला मोजावी लागते.

रूपांतराची वेळ

सर्वांत सामान्य कारण प्रोसेसरवरील ताण हे आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवेत तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि एरवी सुरळीत चालणाऱ्या प्रकल्पातही आवाज तुटू लागतो. जड सिंथ फ्रीझ केल्यास संगणकाला फक्त तयार फाइल वाजवावी लागते.

गायन किंवा ढोलकी मुद्रित करण्यापूर्वीचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. बफर १०२४ नमुन्यांचा असल्यास ४४.१ किलोहर्ट्‌झ दराने एका बफरमुळेच सुमारे २३ मिलिसेकंद विलंब होतो. संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येणारा स्वतःचा आवाज तेवढा मागे पडल्यास वादकाला ठेका सांभाळणे कठीण जाते. १२८ नमुन्यांच्या बफरने हा विलंब ३ मिलिसेकंदांच्या आत येतो, पण सिंथचा भार चालू असताना इतका लहान बफर टिकत नाही. म्हणून सिंथ आधी फ्रीझ करून मगच मुद्रण करणे इष्ट.

काही सिंथ प्रत्येक वादनात किंचित वेगळे वाजतात. ऑसिलेटरची सुरुवात निरनिराळ्या बिंदूपासून होते किंवा एखादा बदल यादृच्छिक ठेवलेला असतो. त्यातले एखादे वादन पसंत पडल्यास ते लगेच ऑडिओत घ्यावे लागते. तेच पुन्हा हाती येईल याची खात्री नसते.

काम दुसऱ्या स्टुडिओत जाणार असल्यास रूपांतर अपरिहार्य ठरते, कारण तेथे तेच प्लगइन असतीलच असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात चित्रित झालेल्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिस परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर केले. अशा मुद्रणात आधी तयार केलेले भाग सर्वसाधारणपणे ऑडिओ स्वरूपातच वाद्यवृंदाला ऐकवले जातात.

रूपांतर कधी टाळावे

गाण्याची लय व पट्टी ठरण्यापूर्वी केलेले रूपांतर बहुधा वाया जाते. गायकाला काळी दोन पट्टी जड गेली आणि गाणे काळी एकमध्ये आणावे लागले, तर मिडी ट्रॅक क्षणात दोन अर्धस्वरांनी खाली येतो. ऑडिओही खाली आणता येतो, पण त्याचा पोत बिघडण्याची शक्यता असते आणि हा बिघाड तीव्र आघाताच्या स्वरांत अधिक जाणवतो. लय बदलण्याच्या बाबतीतही हेच घडते.

पद्धती व जतन

फाइल गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून काढल्यास दुसरीकडे ती जुळवताना अडचण येत नाही. शेवटच्या स्वरानंतर रेंगाळणारा प्रतिध्वनी पूर्ण विरेपर्यंतचा भाग घ्यावा लागतो. घाईत नेमका हाच भाग कापला जातो. रिव्हर्बसारखे परिणाम मिश्रणात बदलायचे असतील तर ते वगळून कोरडा आवाज काढतात. परिणाम हाच आवाजाचा गाभा असेल, तर ते वगळण्यात अर्थ नाही. पुढील कामासाठी २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट स्वरूप वापरले जाते. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झची पाच मिनिटांची स्टिरिओ फाइल सुमारे ८० एमबी जागा घेते, म्हणजे असे वीस ट्रॅक १.६ जीबी होतात.

दीर्घकालीन जतनासाठीही ऑडिओ प्रत आवश्यक मानली जाते. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटालिना आवृत्तीने ३२ बिट सॉफ्टवेअरचा आधार काढून टाकला आणि ज्या प्लगइनची ६४ बिट आवृत्ती कधी निघालीच नाही, ती तेथे निरुपयोगी झाली. त्यांवर अवलंबून असलेल्या जुन्या प्रकल्पांत सूचना शाबूत राहिल्या, आवाज मात्र राहिला नाही. यासाठी ऑडिओ फाइलसोबत मूळ मिडी ट्रॅक आणि सिंथची मांडणी ट्रॅक निष्क्रिय करून त्याच प्रकल्पात ठेवण्याची पद्धत आहे.