धोट्याला तोंड कोण लावणार?

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय: "आपण साचेवाले." पणजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. त्यांच्या मागून आजोबाही. १९८२च्या संपानंतर ते सगळं संपलं, बिऱ्हाड लालबागहून दिंडोशीला आलं, पण आजीचा तोरा गेला नाही. रिंगखात्यातल्या, म्हणजे सूत कातणाऱ्या लोकांचा विषय निघाला की ती जरा नाक मुरडायची. पगाराचा फरक असेल, असं मला वाटायचं. तो होताच, विणकराला बराच जास्त पगार मिळे. पण साचाखात्यात कोणाला पाऊल ठेवता येत नव्हतं, हे मला आजीने नाही, इतिहासाच्या पुस्तकांनी सांगितलं.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या कामगारांना मुंबईच्या गिरण्यांत विणकाम करू देत नसत. कारण एका कृतीत होतं. कापडाचा आडवा धागा धोट्यातल्या कांडीतून येतो. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्याची झटपट रीत म्हणजे भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. दिवसभर हेच. आणि धोटा काही एकाच्या मालकीचा नसे. कोणी आजारी पडला की त्याच साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. दलिताचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसं लावणार, असा सवर्ण विणकरांचा सवाल. म्हणून दलितांनी रिंगखात्यात राहायचं, कमी पगारावर.

वाचल्यावर माझ्या डोक्यात आधी इंजिनिअरचा प्रश्न आला: हाताने ओवता येईल असा धोटा नव्हता का? होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर १९११ मध्येच बंदी घातली होती. कारण अर्थात वेगळं होतं, कामगारांचं आरोग्य. (लँकेशायरमध्ये अशी बंदी यायला १९५२ उजाडलं, म्हणजे साहेबही काही फार पुढे नव्हता.) पण एक सुटा भाग बदलला असता तर निदान ही सबब तरी उरली नसती. मालकाला तो खर्च वाटला असणार. आणि विणकराला? माझं मत विचाराल तर त्याला ती सबब हवीच होती. बाटण्याच्या भीतीमागे चांगल्या पगाराच्या जागा आपल्यातच ठेवण्याचा हिशेबही होता. विदर्भातले महार पिढ्यानपिढ्या जाडंभरडं कापड विणत आले होते. म्हणजे 'यांना जमणार नाही' असंही म्हणायची सोय नव्हती.

१९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने गिरण्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. पुढाऱ्यांत कम्युनिस्ट डांगे होते, नेमस्त ना. म. जोशीही होते. डॉ. आंबेडकरांनी अट घातली: विणकामासह सगळी खाती दलितांना खुली करा, ही मागणी यादीत घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घेतली. कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना ही गोष्ट आपणहून सुचली नव्हती, हे मला आजही खटकतं. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा त्यांनी सांगितलं, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि त्यात तथ्य होतं! भरती जॉबर करायचा, आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक आणून. आपण त्याला आज 'रेफरल' म्हणतो.

आंबेडकरांना ही तोंडाची आणि पाण्याची भानगड नवी नव्हती. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि पाणी शिपायाने वरून ओतलं तरच मिळे. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तर प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शाळेपासून स्टाफरूमपर्यंत सगळं बदललं, माठ बदलला नाही.

मी आधी काम करायचो त्या कंपनीच्या पँट्रीत आमचे मग रॅकवर असत. हाउसकीपिंगच्या मावशींचे स्टीलचे ग्लास सिंकखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीशेजारी. तिथे दोन वर्षं मी रोज चहा प्यायलो. हे लक्षात आलं ते धोट्याबद्दल वाचल्यानंतर. अ‍ॅडमिनला विचारलं तर उत्तर आलं, "हायजीन." कोणी ठरवलं, तर ते आधीपासूनच आहे.

त्या रात्री जेवताना बाबांना विचारलं, पणजोबा अठ्ठावीसच्या संपात होते का? "असणारच," ते म्हणाले, "सगळं साचाखातं बाहेर होतं." मग आंबेडकरांच्या त्या मागणीबद्दल सांगितलं आणि विचारलं, तिच्याबद्दल पणजोबा काय म्हणत असतील?

बाबांनी ताट सरकवलं. "साचेवालेच होते ते," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.