साखळींतील चूक

पाताळगंगेच्या कांठचें रसायनी हें नांव तसें नवें. १९६० सालीं हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी निघाली आणि तिच्या कारखान्याबरोबर तें रूढ झालें. परंतु भोंवतालच्या भातखाचरांचे सर्व्हे नंबर इंग्रजी अमलांतील मोजणीपासूनचे आहेत, आणि ती मोजणी ३३ फुटांच्या लोखंडी साखळीनें झाली. एक साखळी लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर, गुंठ्याचे १६ आणे. हिशेब सोपा, धोका साखळींतच होता.

कारण सारा क्षेत्रावर बसे. दख्खनमध्यें प्रिंगल यानें केलेली मोजणी १८३० च्या सुमारास इंदापुरांत लागू झाली. पुढें तपासणींत तींत ढोबळ चुका आढळल्या. आकारणीही रयतेस झेपेना. तेव्हां १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तें काम नव्यानें हातीं घेतलें, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें मोजणीचे नियम ठरले.

चुका सर्व एका जातीच्या नसतात. साखळ्या मोजतांना एक गाळली, कीं ती निव्वळ घोडचूक. फेरमोजणींत ती तत्काळ सांपडते. हात हलला, खूण तसूभर सरकली, तर चूक कधीं अधिक, कधीं उणी होते, व बरीचशी आपोआप फिटते. प्रत्येक वेळीं अर्धा इंच चूक धरली, तरी १०० साखळ्यांत अशा चुकीचा साधारण मेळ ५ इंचांच्या आसपास राहतो. तोच अर्धा इंच दर वेळीं एकाच बाजूस पडला तर ५० इंच होतात!

खरी दगाबाज ती हीच. कड्या झिजून साखळी ३ इंच वाढली, तर कागदावरचा एकर प्रत्यक्षांत सुमारें पावणेदहा आणे जास्त भरतो. दहा वेळां मोजा, दहाही वेळां तोच आंकडा. तपासनीसाचें समाधान आणि चूक कायम. उपाय एकच, साखळी प्रमाण मापाशीं वरचेवर ताडून पाहणें. माणिकगडाच्या पायथ्याच्या वरकस जमिनींत आणखी एक अडचण आहे. २० अंशांच्या उतारावर साखळी जमिनीसरशी टाकली, तर १०० फूट म्हणून लिहिलेलें अंतर सपाटीवर ९४ फूटच असतें. म्हणून तेथें ती पायरीपायरीनें आडवी धरावी लागते. खाचरांचे वांकडे बांध तर दोन खुणांमध्यें सरळ मानावे लागत. तो दोष साखळीचा नव्हे.

गंमत अशी, कीं लांबलेली साखळी कुणब्याच्या पथ्यावर पडे. कागदीं जमीन कमी, म्हणून साराही कमी. आंखूड साखळीनें उलट, नसलेल्या जमिनीचा सारा भरावा लागे. पण तीच जमीन कागदावरच्या क्षेत्रानें विकावयाची किंवा कारखान्यासाठीं द्यावयाची झाली, कीं पारडें फिरतें. पणजाला साऱ्यांत सुटलेले पावणेदहा आणे पणतूला किंमतींत सोडावे लागतात.