जीवनसत्त्व ‘के’ आणि वृद्धांच्या धमन्या

सन १९२९ च्या सुमारास कोपनहेगन येथें हेन्रिक डाम हे कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. स्निग्धांश काढून टाकलेल्या अन्नावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांना रक्तस्राव होऊं लागला. रक्त गोठण्यास लागणारें जें द्रव्य त्या अन्नांत नव्हतें, त्यास डाम यांनीं १९३५ सालीं जीवनसत्त्व ‘के’ असें नांव दिलें. या शोधाबद्दल त्यांस १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें १९९७ सालीं निराळीच गोष्ट उघडकीस आली. या जीवनसत्त्वाच्या साह्यानें कार्यक्षम होणारें एक प्रथिन ज्या उंदरांत नव्हतें, त्यांच्या धमन्यांत चुना सांचून ते दोन महिन्यांच्या आंत मेले. २००४ सालीं रॉटरडॅम येथील ४,८०७ लोकांच्या पाहणींत, आहारांतून ‘के-२’ अधिक घेणाऱ्यांत हृद्रोगानें मरणारे कमी आढळले. तेव्हां वृद्धांनीं याच्या गोळ्या घ्याव्या, ही कल्पना बळावली.

तिची परीक्षा डाम यांच्याच देशांत झाली. हृदयांतील महाधमनीच्या झडपेवर आधींच चुना सांचलेल्या ३६५ वृद्ध पुरुषांपैकीं कांहींस दोन वर्षें ‘के-२’ व ‘डी’, तर इतरांस औषधहीन गोळ्या देण्यांत आल्या. २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: चुना सांचण्याचा वेग मंदावला नव्हता.

अन्नांतील उणीव भरून काढणें निराळें, आणि वयाबरोबर झालेला बिघाड थोपविणें निराळें. शिवाय रक्त गोठूं नये म्हणून वॉरफरीन घेणाऱ्या वृद्धास ही गोळी घातकहि ठरूं शकते. कारण ती त्या औषधाच्या नेमकी विरुद्ध कार्य करते. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये.