अर्क, पेशी आणि प्रश्न : कर्करोगविरोधी वनस्पतींच्या शोधाचा तौलनिक विचार

वनौषधींच्या कर्करोगविरोधी गुणांची प्रयोगशाळेत परीक्षा घेणाऱ्या भारतीय शोधनिबंधांची एक ठरावीक घडण आढळते. आरंभी एखाद्या संहितेतील अथवा लोकवैद्यकातील उल्लेख येतो. मध्यभागी वनस्पतीचा अर्क काचपात्रातील पेशींवर घातल्याचे वर्णन येते. अखेरीस परंपरेचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध झाले, असा निष्कर्ष काढला जातो. या घडणीत जुन्या ग्रंथातील शब्द आणि प्रयोगातून निघालेली संख्या यांना परस्परांचे समानार्थी मानलेले असते. भाषांतराचा आणि तौलनिक साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला हे गृहीतक सहज मान्य होण्यासारखे नाही. या परीक्षापद्धतीचा इतिहास या गृहीतकाला कितपत आधार देतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे विवेचन एकत्र आले आहे. तेथील अर्बुद म्हणजे गोल, स्थिर, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी व न पिकणारी मांसाची वाढ होय. मराठीतील 'कर्करोग' हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. ग्रीक आणि लॅटिन वैद्यकाने या रोगाला खेकड्याचे नाव दिले होते, त्याचा तो संस्कृत प्रतिशब्द आहे. या दोन शब्दांची क्षेत्रे काही ठिकाणी एकमेकांवर येतात. ती एकरूप नाहीत. रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत हे अंतर विशेष स्पष्ट होते. रुडॉल्फ विर्खो यांनी १८४५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८४७ मध्ये 'ल्युकेमिया' हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिल्यावाचून ही संकल्पना स्थिर होणे शक्य नव्हते. त्यामुळे अमुक वनस्पती ल्युकेमियावर गुणकारी आहे, असे विधान कोणत्याही प्राचीन परंपरेत शोधणे व्यर्थ आहे.

तरीही ल्युकेमियावरील एक महत्त्वाचे औषध लोकवैद्यकाच्याच वाटेने हाती आले, आणि ती कथा येथे उद्बोधक ठरते. मूळची मादागास्करची सदाफुली आज आपल्याकडे अंगणोअंगणी दिसते. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ मध्ये तेथून काही पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सुपूर्द केली. अर्क तोंडावाटे दिला असता उंदरांच्या रक्तशर्करेवर परिणाम झाला नाही. तो टोचला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले, कारण त्यांच्या रक्तातील श्वेतपेशी झपाट्याने घटल्या होत्या. प्रयोग फसला असे समजून नोबल थांबले नाहीत. श्वेतपेशी कमी करणारे द्रव्य श्वेतपेशींच्या बेसुमार वाढीवर उपयोगी पडेल काय, असा नवा प्रश्न त्यांनी विचारला. चार्ल्स बीअर यांच्या साहाय्याने १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळे करण्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेतील एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोदा यांनीही मधुमेहाच्या लोकश्रुतीवरून सदाफुलीची निवड केली होती. तिच्या अर्काने ल्युकेमिया झालेल्या उंदरांचे आयुष्य वाढते, असे त्यांना आढळले. पुढे १९६३ मध्ये व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. लोकवैद्यकाने ही वनस्पती प्रभावी आहे एवढे सांगितले होते. तिचा प्रभाव कशावर, हे प्रयोगाने सांगितले.

दुसरे उदाहरण कॅम्प्टोथेसिनचे. मन्रो वॉल अमेरिकेच्या कृषी खात्यात असताना कॉर्टिसोनच्या निर्मितीस उपयुक्त अशी स्टेरॉइड द्रव्ये वनस्पतींत शोधीत होते. त्या संग्रहातील अर्क कर्करोगाच्या चाचणीसाठी पाठविले असता कॅम्प्टोथेका या मूळच्या चिनी वृक्षाचा अर्क लक्षणीय ठरला. पुढे नॉर्थ कॅरोलायनामधील संशोधन संस्थेत वॉल आणि नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्यातील क्रियाशील द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. या जोडीनेच १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना मांडली. कॅम्प्टोथेसिनच्या रुग्णांवरील चाचण्या मात्र विषारी परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबवाव्या लागल्या. पेशीतील टोपोआयसोमरेज-१ या विकरावर ते कार्य करते, हे १९८५ मध्ये समजले, आणि त्यापासून घडविलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. उंदीर जगला, या पहिल्या शुभवार्तेपासून रुग्णाच्या औषधापर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ गेला.

या कथेचा एक धागा सह्याद्रीत येतो. मुंबईतील सीबा संशोधन केंद्राचे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये हेच द्रव्य पश्चिम घाटातील मॅपिया फिटिडा या झाडात दाखविले. मराठीत त्याला नरक्या म्हणतात. लॅटिन नावातील 'फिटिडा' म्हणजे दुर्गंधी, आणि मराठी नावही त्याच अनुभवाकडे बोट दाखविते. नव्या वर्गीकरणात ते नोथापोडायटिस निमोनियाना झाले. दुर्गंधीची स्मृती शास्त्रीय नावातून पुसली गेली; बोलीने ती जपली. मात्र कॅम्प्टोथेसिनला भाव आल्यावर नरक्याची घाटात बेसुमार तोड झाली. प्रयोगशाळेतील यशाचे मोल अशा रीतीने जंगलानेही चुकते केले आहे.

या दोन्ही उदाहरणांवरून परंपरेचा निर्देश नेहमीच आडवळणाचा असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. पोडोफायलमचा दाखला याच्या उलट आहे. त्याच्या राळेचा चामखिळीवरील गुण १९४२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यानंतर जोनाथन हार्टवेल आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांतील गाठींवर तिचा अभ्यास केला, आणि त्याच कुळातील एटोपोसाइड हे औषध १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हिमालयातील पोडोफायलम, म्हणजे हिंदीतील बनककडी, हाही या द्रव्याचा एक स्रोत आहे. पेशींची वाढ रोखणे हा धागा चामखिळीपासून कर्करोगापर्यंत सरळ जातो. हार्टवेल यांनीच १९६७ ते १९७१ या काळात कर्करोगावर वापरल्या गेलेल्या तीन हजारांहून अधिक वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. जगभरचे 'गाठ', 'व्रण', 'चामखीळ' हे शब्द तिने एका इंग्रजी शीर्षकाखाली आणले. हा एक प्रचंड अनुवाद होता, आणि प्रत्येक अनुवादाप्रमाणे त्यात निवडही होती.

प्रयोगशाळेची स्वतःचीही एक भाषा असते, आणि तिचे व्याकरण बदलत गेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे अर्क तपासले. त्यांची मुख्य कसोटी उंदरांतील ल्युकेमिया ही होती. त्यामुळे उंदराच्या ल्युकेमियावर चालणारे द्रव्य पुढे जाई. मानवी फुप्फुसाच्या वा आतड्याच्या गाठीवर जे चालले असते, ते मागे राहण्याचा संभव होता. १९९० पर्यंत ही पद्धत बदलून निरनिराळ्या अवयवांच्या ६० मानवी पेशीवाणांवर चाचणी सुरू झाली. आज भारतातही ९६ खळग्यांच्या तबकडीत पेशी वाढवितात, त्यांवर अर्काच्या चढत्या मात्रा घालतात, ठरावीक तासांनंतर उरलेल्या पेशी रंगवितात आणि वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. ही संख्या उपयुक्त असली, तरी तिचे म्हणणे मर्यादित आहे. फेस आणणारी सॅपोनिने काचपात्रात पेशींचे आवरण फोडून टाकतात, पण म्हणून ती औषध ठरत नाहीत. निरोगी पेशींवरील परिणाम, प्राण्यातील परिणाम आणि शरीरात द्रव्याचे होणारे रूपांतर यांचे उत्तर तबकडीत नसते. 'पेशीघातक' आणि 'कर्करोगविरोधी' हे शब्द समानार्थी नव्हेत.

म्हणून 'आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते' हा दावा आणि 'लोकवैद्यक म्हणजे केवळ भ्रम' हा प्रतिदावा, दोन्ही एकाच चुकीवर उभे आहेत. परंपरा आणि प्रयोग एकाच प्रश्नाला उत्तर देतात, असे दोघेही धरून चालतात. जमैकातील काढा आणि ओंटारिओतील उंदीर यांचे प्रश्न वेगळे होते. त्या दोहोंमधले अंतर ओळखल्यामुळेच औषध मिळाले. तौलनिक अभ्यासकाचे काम येथे परिशिष्टापुरते नाही. ग्रंथातील नाव कोणत्या झाडाचे, अर्बुद म्हणजे नेमके काय, आणि उद्धृत ओळ पुराव्यासाठी आली की शोभेसाठी, हे प्रश्न अर्क काढण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. ते न विचारता लिहिलेल्या निष्कर्षाच्या भरवशावर एखादा रुग्ण सुरू असलेले उपचार थांबवू शकतो. शब्दार्थाच्या चुकीची किंमत मग त्याला मोजावी लागते.