ॲक्युपंक्चर : वैद्यकीय परिणामकारकता

ॲक्युपंक्चर : शरीरावरील ठराविक बिंदूंवर बारीक, भरीव सुया टोचून वेदना व विकार दूर करण्याची मूळची चिनी उपचारपद्धती. मराठीत तिला सूचिचिकित्सा असेही म्हणतात. दवण्याच्या जवळच्या नात्यातील एका वनस्पतीच्या सुकलेल्या पानांची धग बिंदूंना देणे (मॉक्सा) ही तिची जोडपद्धती होय. युनेस्कोने २०१० मध्ये या दोहोंचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला. हा उपचार खरोखर गुणकारी आहे का, यावर गेल्या ५० वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. काही प्रकारच्या वेदना आणि मळमळ यांवर मध्यम ते अल्प उपयोग, आणि इतर बहुतेक विकारांत पुराव्याचा अभाव, असा त्याचा गोषवारा सांगता येतो.

इतिहास : मावांगदुई येथील इ. स. पू. १६८ मधील थडग्यात सापडलेल्या हस्तलिखितांत शरीरातील वाहिन्यांचे आणि धग देण्याचे वर्णन आहे, सुया टोचण्याचे नाही. सुयांच्या उपचाराची सविस्तर मांडणी ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात येते. त्याचे संकलन साधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानले जाते. १८२२ मध्ये छिंग सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यकीय संस्थेतून हा विषय काढून टाकण्यात आला. १९३० च्या दशकात छंग दानआन यांनी बिंदू रक्तवाहिन्यांपासून दूर नेऊन मज्जातंतूंच्या अनुरोधाने बसवले आणि बारीक सुया रूढ केल्या. आज जगभर चालणारे ॲक्युपंक्चर बरेचसे या सुधारित वळणाचे आहे. १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या पोटातील अस्वस्थतेवर सुयांचा उपचार करण्यात आला. त्यांच्या लेखामुळे पाश्चात्त्य देशांत कुतूहल वाढले.

पारंपरिक उपपत्ती : ‘ची’ ही जीवनशक्ती वाहिन्यांतून वाहते व तिचा अडथळा म्हणजे रोग, अशी कल्पना. प्रमाणित यादीत ३६१ बिंदू व १४ वाहिन्या आहेत. शरीररचनाशास्त्राला या वाहिन्या आढळलेल्या नाहीत.

परिणामकारकता तपासण्याची पद्धत : या विषयातील बहुतेक वाद तुलना कशाशी केली, या प्रश्नापाशी येऊन थांबतात. जुनाट पाठदुखी कमी-जास्त होत राहते. दुखणे ऐन भरात असताना रुग्ण उपचाराला येतो आणि पुढे ते आपोआपही उतरते. शिवाय उपचारकाने दिलेला वेळ, स्पर्श आणि बरे वाटण्याची अपेक्षा यांचाही परिणाम होतो. म्हणून रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून किमान तीन गटांची तुलना करावी लागते : खरे ॲक्युपंक्चर, नकली ॲक्युपंक्चर आणि नेहमीचे उपचार.

नकली उपचार तयार करणे हे या चाचण्यांतील सर्वांत कठीण काम. एक मार्ग म्हणजे बिंदू नसलेल्या जागी सुई वरवर टोचणे. दुसरा मार्ग १९९८ मध्ये जर्मनीतील श्ट्राइटबर्गर यांनी वर्णन केलेल्या सुईचा. तिचे टोक बोथट असून ती नाटकातल्या खंजिराप्रमाणे मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्याचा भास होतो, पण कातडी भेदली जात नाही. तिसरा मार्ग अमेरिकेत चर्किन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वापरला. उपचारकाने पाठीवरच्या बिंदूभोवतीची कातडी ताणून धरायची, सुईची मार्गदर्शक नळी तिथे टेकवायची, नळीतून दात कोरण्याची काडी हलकेच ठोकून किंचित फिरवायची आणि नळी उचलायची. काही वेळाने सुई पुन्हा फिरवल्याचे आणि शेवटी काढून घेतल्याचेही नाटक करायचे. जुनाट पाठदुखीच्या ६३८ रुग्णांच्या या चाचणीत आठ आठवड्यांनी हालचालींतील अडचण लक्षणीय कमी झालेल्यांचे प्रमाण सुयांच्या गटांत आणि काडीच्या गटातही सुमारे ६० टक्के, तर फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के होते.

नकली उपचारही पूर्णपणे निष्क्रिय नसतो, कातडीला झालेला स्पर्शही काही परिणाम घडवतो, असा ॲक्युपंक्चरच्या समर्थकांचा आक्षेप आहे. तो विचारात घेण्याजोगा आहे. मात्र तो मान्य केला, तर नेमक्या बिंदूंचे व सुई आत जाण्याचे महत्त्व त्याच प्रमाणात कमी होते. आपण खरा उपचार देत आहोत की नकली, हे उपचारकाला नेहमीच ठाऊक असते. हा दोष कोणत्याही आराखड्याने पूर्णपणे दूर झालेला नाही.

पाठदुखी व गुडघेदुखी : सर्वांत मोठा पुरावा जर्मनीतून आला. तेथील आरोग्य विमा संस्थांच्या खर्चाने झालेल्या ‘गेराक’ चाचण्यांपैकी पाठदुखीच्या चाचणीत (२००७) १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर गुण आल्याचे प्रमाण खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, नकलीने ४४.२ टक्के आणि औषधे, व्यायाम इत्यादी प्रचलित उपचारांनी २७.४ टक्के आढळले. गुडघ्याच्या झिजेवरील चाचणीत (२००६) हेच आकडे अनुक्रमे ५३.१, ५१ आणि २९.१ टक्के होते. त्यावरून दोन निष्कर्ष एकाच वेळी निघतात. सुया टोचून घेणाऱ्यांना प्रचलित उपचारांपेक्षा जास्त बरे वाटले, आणि सुया कुठे टोचल्या याने फारसा फरक पडला नाही. जर्मनीने पहिल्या निष्कर्षाला वजन दिले आणि २००७ पासून या दोन विकारांसाठी विम्याचे संरक्षण सुरू केले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये पाठदुखीसाठी केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली. त्या निर्णयात दुसऱ्या निष्कर्षाला महत्त्व मिळाले. अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’ योजनेत मात्र जुनाट कंबरदुखीसाठी २०२० पासून हा उपचार समाविष्ट आहे.

अँड्र्यू व्हिकर्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. त्यांनी दिलेल्या उदाहरणानुसार, १०० च्या मापावर ६० असलेली वेदना ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांत ४३ वर, नकली घेणाऱ्यांत ३५ वर आणि खरे घेणाऱ्यांत ३० वर येते. म्हणजे खऱ्या-नकलीत फरक आहे, पण लहान. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००९ मध्ये १३ चाचण्या तपासून हा फरक १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर सुमारे ४ मिलिमीटर असल्याचे सांगितले. इतका फरक रुग्णाला जाणवेल का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

अर्धशिशी : वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संघटनेच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या व ४,९८५ रुग्ण होते. डोके दुखण्याची वारंवारता निम्म्याने कमी झालेल्यांचे प्रमाण नकलीच्या तुलनेत ५० विरुद्ध ४१ टक्के, तर काहीच प्रतिबंधक उपचार नसलेल्यांच्या तुलनेत ४१ विरुद्ध १७ टक्के होते. अर्धशिशीचा त्रास वारंवार होणाऱ्यांना, विशेषतः प्रतिबंधक औषधे सोसत नसल्यास, हा पर्याय वाजवी ठरतो.

मळमळ : मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांमधील बिंदू (नेइगुआन) उत्तेजित केल्यास शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी कमी होते. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ५९ चाचण्या होत्या. त्यांपैकी अनेकांचा दर्जा मध्यम किंवा कमी होता.

वंध्यत्व : कृत्रिम गर्भधारणेसोबत ॲक्युपंक्चर घेतलेल्या ८४८ स्त्रियांच्या चाचणीत (२०१८) जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण खऱ्या गटात १८.३ व नकली गटात १७.८ टक्के होते. उपयोग दिसला नाही.

धूम्रपानमुक्ती : टिकाऊ परिणामाचा पुरावा नाही.

संभाव्य शरीरक्रिया : १९७० च्या दशकातील प्रयोगांत नॅलोक्सोन (अफूसदृश द्रव्यांची क्रिया रोखणारे औषध) दिल्यास सुयांचे वेदनाशमन घटते असे दिसले. त्यावरून एंडॉर्फिन या शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा संबंध सुचवण्यात आला. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात सुईभोवती अडेनोसीन हे वेदना शमवणारे द्रव्य वाढल्याचे आढळले. या क्रियांना वाहिन्या व ‘ची’ यांची गरज लागत नाही. वेदनेतील फरकात त्यांचा वाटा किती, हे ठरलेले नाही.

पुराव्यातील विषमता : चीनमधून प्रसिद्ध होणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष जवळजवळ नेहमीच अनुकूल असतात, हे १९९८ च्या एका आढाव्याने निदर्शनास आणले. प्रतिकूल निष्कर्ष अप्रकाशित राहिल्यास असे चित्र तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालातील विकारांची लांबलचक यादी अशा चाचण्यांवरही आधारलेली असल्याने जपून वाचावी लागते.

सुरक्षितता : प्रशिक्षित हातांत धोका कमी असतो. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत मिळून सुमारे ६६,००० उपचारसत्रांत गंभीर अपाय नोंदला गेला नाही. किरकोळ रक्तस्राव व दुखरेपणा नेहमीचा. सुई फुप्फुसावरणात जाऊन हवा शिरणे आणि निर्जंतुक न केलेल्या सुयांतून कावीळ-बी पसरणे हे विरळा पण गंभीर अपाय होत.

भारतातील स्थिती : १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. भारतात ॲक्युपंक्चर आणण्याचे श्रेय त्याच पथकातील बिजयकुमार बसू यांना दिले जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ते शिकून त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि नंतर महाराष्ट्राने यासाठी कायदे केले. केंद्र शासनाने २००३ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून व २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून त्यास मान्यता दिली. शासकीय मान्यता व्यवसायाचे नियमन करते, गुणकारिता सिद्ध करत नाही.

मूल्यमापन : जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी आणि अर्धशिशीत ॲक्युपंक्चरने रुग्णाला मिळणारा आराम खरा आहे. त्यातील मोठा भाग उपचाराच्या प्रसंगातून येतो, लहान भाग सुईतून, आणि नेमक्या बिंदूंचा वाटा सिद्ध झालेला नाही. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार किंवा जंतुसंसर्ग त्याने बरा होतो, हा दावा निराधार आहे. या रोगांवर चालू असलेली औषधे ॲक्युपंक्चरच्या भरवशावर बंद करू नयेत. वेदनेसाठी ते घ्यायचे असल्यास आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे, उपचारकाची नोंदणी पाहावी आणि एकदाच वापरायच्या सीलबंद सुयांचा आग्रह धरावा.