जोडीदाराला सांगणे: उपचाराचा उरलेला अर्धा भाग

1. प्रश्नाची मांडणी

समजा, बोरिवलीचा एक विवाहित पुरुष लघवीला जळजळ होते, पू येतो म्हणून अंधेरीच्या दवाखान्यात जातो. ओळखीचे कोणी भेटू नये, म्हणून घराजवळचा डॉक्टर त्याने टाळला आहे. परम्याचे निदान होते, औषध मिळते, त्रास थांबतो. घरी तो काही बोलत नाही. पत्नीलाही लागण झालेली असते, पण तिला काहीच जाणवत नाही. काही आठवड्यांनी त्याचा त्रास परत सुरू होतो. औषध लागू पडले नाही, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात जंतू दोन शरीरांत होते आणि औषध एकाच शरीरात गेले.

यातूनच या विवेचनाचे सूत्र निघते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगात एकट्याचा उपचार अपुरा असतो. जोडीदाराला कळवणे हे त्या उपचाराचेच अंग आहे. मराठीत आपण या आजारांना ‘गुप्तरोग’ म्हणतो, आणि ते नावच लपवायला शिकवते.

2. वैद्यकीय कारणे

परमा आणि क्लॅमायडिया हे दोन्ही आजार स्त्रियांमध्ये अनेकदा लक्षणांवाचून राहतात. उपचार न झाल्यास गर्भनलिकांना सूज येऊन पुढे वंध्यत्व किंवा नलिकेतला गर्भ असे परिणाम होऊ शकतात. उपदंशाचा, म्हणजे गरमीचा, व्रण बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरून येतो. रोग मात्र शरीरात टिकतो. गर्भवतीकडून तो बाळाला जाऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते. वेळेवर दिलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन हे टाळू शकते. म्हणजे न सांगण्याची किंमत बहुतेकदा न सांगणाऱ्याला मोजावी लागत नाही.

3. कोणाला कळवायचे

किती मागे जायचे, हे रोगावर ठरते. परमा व क्लॅमायडियासाठी साधारण मागच्या 60 दिवसांतले जोडीदार धरतात. उपदंशाच्या पहिल्या अवस्थेत लक्षणांच्या आधीचे 3 महिने, तर दुसऱ्या अवस्थेत 6 महिने मोजतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार प्रत्येक वेळी संबंधातून आलेली नसते. बुरशीच्या साध्या संसर्गात पतीला बोलावण्याची सहसा गरज नसते. घाईने उच्चारलेल्या एका शब्दाने घरात संशय शिरतो. म्हणून आधी निदान, मग कळवणे.

4. कसे कळवायचे

मार्ग तीन आहेत: रुग्णाने स्वतः सांगणे, ठरावीक दिवसांत जमले नाही तर दवाखान्याने सांगावे, असे आधीच ठरवणे, किंवा रुग्णाच्या संमतीने समुपदेशकाने थेट कळवणे. जिथे एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे हे बोलायला कोपरा मिळत नाही. अशा वेळी दवाखान्यातली समुपदेशकाची खोलीच सोयीची.

निरोपात चार गोष्टी पुरतात: मला काय झाले आहे, त्रास नसला तरी तुला तपासावे लागेल, कुठे जायचे, आणि दोघांचा उपचार झाल्यावर 7 दिवस, तसेच लक्षणे जाईपर्यंत संबंध नकोत. ‘मला लागण झालीय, औषध चालू आहे. तूही तपासून घे, उद्या माझ्यासोबत चल,’ सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. ‘कोणाकडून आले’ या प्रश्नाचे उत्तर तपासणी देत नाही. काही जंतू महिनोन्‌महिने गप्प बसतात. ज्याचे निदान आधी झाले, त्यानेच रोग आणला असे ठरत नाही. गरोदरपणाच्या तपासणीत पत्नीचा उपदंश आधी सापडतो आणि दोष तिच्या माथी येतो, तेव्हा हे ठामपणे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

सरकारी कार्यक्रमातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या रोगांची औषधे मोफत असतात, लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटांत: मूत्रमार्गातल्या स्रावासाठी राखाडी, व्रणासाठी पांढरे. 1097 या हेल्पलाइनवर जवळचे केंद्र विचारता येते.

5. कायदा आणि सुरक्षितता

कळवण्याऐवजी सक्ती करण्याचा प्रयोग ब्रिटिश काळात झालेला आहे. 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने फक्त वेश्यांची नोंद व तपासणी सक्तीची केली. त्यांच्याकडे जाणारे पुरुष मोकळे राहिले. 1888 मध्ये तो रद्द झाला. जोडीतल्या एकालाच धरले की साखळी तुटत नाही.

एचआयव्हीसाठी 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. जोडीदाराला खरा धोका असेल, समुपदेशनानंतरही रुग्ण सांगणार नाही याची खात्री पटली असेल आणि त्याला तशी पूर्वकल्पना दिली असेल, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो. मात्र रुग्ण स्त्री असेल आणि सांगितल्याने तिला मारहाण होण्याची किंवा टाकून दिले जाण्याची रास्त भीती असेल, तर तिची माहिती देता येत नाही. हा अपवाद आपल्या घरांची जाणीव ठेवून केलेला आहे. इतर लैंगिक रोगांतही डॉक्टरांनी हाच विवेक पाळावा. ‘सांगितल्यावर घरी काय होईल?’ हा प्रश्न आधी विचारावा.

6. निष्कर्ष

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये मुंबईत मासिक काढले आणि त्याला ‘समाजस्वास्थ्य’ हे नाव दिले. लैंगिक आरोग्य ही एकट्याची खासगी लाज नाही, हा विचार त्या नावातच आहे. बोरिवलीच्या त्या माणसाने पत्नीला सोबत नेले असते, तर तो स्वतःही एकदाच बरा झाला असता.